ऑगस्तँ द्युप्रे

ऑगस्तँ द्युप्रे (६ ऑक्टोबर १७४८ – ३० जानेवारी १८३३) हे नाणी व पदकांचे ठसे कोरणारे फ्रेंच कलावंत होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे स्मारक असलेले 'लिबर्टास अमेरिकाना' हे पदक आणि फ्रेंच प्रजासत्ताकाची नाणी यांसाठी ते ओळखले जातात. नाण्यावर राजाचे मुख असणे गृहीत धरले जाण्याच्या काळात त्यांनी राजाविना राष्ट्राची प्रतिमा धातूवर उमटविली.

प्रारंभिक जीवन

द्युप्रे यांचा जन्म फ्रान्समधील सेंत-एत्येन येथे झाला. शस्त्रनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात शस्त्रांवर नक्षी कोरताना त्यांचा हात तयार झाला. पुढे ते पॅरिसला स्थायिक झाले.

लिबर्टास अमेरिकाना

अमेरिकेचे फ्रान्समधील प्रतिनिधी बेंजामिन फ्रँकलिन यांनी या पदकाची कल्पना मांडली आणि द्युप्रे यांनी १७८३ मध्ये त्याचे ठसे कोरले. पदकाच्या दर्शनी बाजूस मोकळ्या केसांच्या स्वातंत्र्यदेवतेचे मुख, तिच्यामागे काठीवर मुक्तीची टोपी आणि खाली जाहीरनाम्याची तारीख, ४ जुलै १७७६, आहे. मागील बाजूस बाल हर्क्युलिस दोन साप आवळताना दिसतो. हे साप म्हणजे साराटोगा (१७७७) व यॉर्कटाउन (१७८१) येथे शरण आलेल्या दोन ब्रिटिश सेना होत. यॉर्कटाउनच्या सेनेचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस पुढे भारतात गव्हर्नर जनरल झाला. बालकावर झेपावणारा बिबट्या इंग्लंडचे, तर त्याला ढालीने अडविणारी मिनर्व्हा देवी फ्रान्सचे प्रतीक आहे. त्यामुळे हे पदक विजयाचे स्मारक आणि मित्रराष्ट्राचे ऋणनिर्देशही ठरले. सुवर्णपदके राजा सोळावा लुई व राणी मारी आंत्वानेत यांना देण्यात आली. इतरांसाठी चांदी व तांब्याची पदके पाडली गेली.

यानंतर द्युप्रे यांनी नथॅनिएल ग्रीन, डॅनियल मॉर्गन व जॉन पॉल जोन्स या अमेरिकी सेनानींची पदकेही कोरली.

क्रांतिकाळ

१७९१ मध्ये स्पर्धेत यशस्वी होऊन द्युप्रे फ्रान्सच्या नाण्यांचे प्रमुख ठसेकार झाले. राज्यघटना लिहिणारा पंखधारी देवदूत ही त्यांची प्रतिमा आरंभी राजाच्या मुखाच्या मागील बाजूस होती. राजसत्ता गेल्यावर देवदूत नाण्यावर राहिला, राजा राहिला नाही. पाच फ्रँकच्या चांदीच्या नाण्यावर त्यांनी स्वातंत्र्य व समता यांना जोडणारा प्रौढ हर्क्युलिस दाखविला. अमेरिकी पदकावरील पाळण्यातले बालक येथे सामर्थ्यवान लोकशक्ती होऊन उभे आहे.

नेपोलियन बोनापार्ट यांच्या सत्ताकाळात नाण्यांवर पुन्हा शासकाचे मुख आले आणि १८०३ मध्ये द्युप्रे यांना पदावरून दूर करण्यात आले. आर्मांतिएर-आं-ब्री येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

१७९३ च्या अमेरिकी सेंटवरील स्वातंत्र्यदेवतेच्या मुखावर लिबर्टास अमेरिकानाचा प्रभाव मानला जातो. फ्रान्समध्ये १८४८ नंतरच्या प्रजासत्ताकांनी द्युप्रे यांचे देवदूत व हर्क्युलिस पुन्हा स्वीकारले. १९६५ पासूनच्या दहा फ्रँकच्या आणि १९७४ पासूनच्या पन्नास फ्रँकच्या चांदीच्या नाण्यांवरही हर्क्युलिसची हीच प्रतिमा आहे.