गर्ट्रूड केटन-थॉम्पसन

गर्ट्रूड केटन-थॉम्पसन (१ फेब्रुवारी १८८८ – १८ एप्रिल १९८५) या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ होत्या. ग्रेट झिम्बाब्वे हे दगडी नगर आफ्रिकी लोकांनीच उभारले, हे त्यांनी १९२९ मध्ये उत्खननाच्या पुराव्याने दाखवून दिले.

त्यांचा जन्म लंडन येथे झाला. वयाच्या तिशीनंतर, १९२१ मध्ये, त्या फ्लिंडर्स पेट्री यांच्याकडे पुरातत्त्वविद्या शिकू लागल्या. पुढे इजिप्तमधील फायूम येथे भूगर्भशास्त्रज्ञ एलिनॉर गार्डनर यांच्यासह त्यांनी नवाश्मयुगीन शेतीचे अवशेष उजेडात आणले.

ग्रेट झिम्बाब्वे

चुन्याशिवाय रचलेल्या येथील ग्रॅनाइटच्या भिंतींचे श्रेय ऱ्होडेशियातील गोरे वसाहतवाले फिनिशियन किंवा शेबाच्या राणीला देत असत. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ मध्ये ही समजूत खोडून काढली होती, तरी वाद मिटला नव्हता. म्हणून ब्रिटिश असोसिएशनने केटन-थॉम्पसन यांना पाचारण केले. कॅथलीन केन्यन त्यांच्या साहाय्यक होत्या.

रिचर्ड हॉल यांनी १९०२ ते १९०४ या काळात मुख्य वास्तूंमधील मातीचे थर उपसून टाकल्याने तेथील पुरावा बराचसा नष्ट झाला होता. त्यामुळे दरीतील, कमी हात लागलेले मॉंड अवशेष त्यांनी निवडले. अभंग जमिनीखाली सापडलेली वस्तू ती जमीन घालण्यापूर्वीचीच असणार, हे त्यांच्या युक्तिवादाचे सूत्र होते. अशा जमिनींखाली त्यांना स्थानिक घडणीची खापरे मिळाली. शंक्वाकार मनोऱ्याखालीही त्यांनी बोगदा खणला. परदेशी काचमण्यांवरून हिंदी महासागरातील व्यापाराचा संबंध स्पष्ट झाला. बांधकाम मात्र स्थानिकांचेच ठरले.

दक्षिण आफ्रिकेतील अधिवेशनात हे निष्कर्ष मांडताच रेमंड डार्ट यांनी संतापून आक्षेप घेतला. नंतर आलेली विक्षिप्त पत्रे त्या वेडगळ अशा नावाच्या फाइलमध्ये ठेवीत. द झिम्बाब्वे कल्चर हा त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

नगराचा आरंभ त्यांनी ८व्या-९व्या शतकापर्यंत मागे नेला होता. नंतरच्या रेडिओकार्बन कालमापनानुसार तेथील दगडी बांधकाम ११व्या ते १५व्या शतकांतील मानले जाते. शिवाय या वास्तुरचनेत त्यांना बालबुद्धी दिसली, म्हणजे तत्कालीन युरोपीय अहंभावापासून त्याही मुक्त नव्हत्या. मूळ निष्कर्ष मात्र टिकला, आणि १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने झिम्बाब्वे हेच नाव घेतले.

उत्तरायुष्य

१९३७-३८ मध्ये त्यांनी हद्रामौत येथे चंद्रदेवतेच्या मंदिराचे उत्खनन केले. १९४० मध्ये त्या प्रीहिस्टॉरिक सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मिक्स्ड मेमॉयर्स हे त्यांचे आत्मचरित्र १९८३ मध्ये, निधनाच्या दोन वर्षे आधी, प्रसिद्ध झाले.