ऑस्प्रेंचे राखणदार
स्कॉटलंडमधील पक्षिरक्षणाचे अध्वर्यू जॉर्ज वॉटरस्टन यांचा जन्म १९११ मध्ये एडिंबरा येथे झाला. महायुद्धात त्यांनी जर्मनांची कैद भोगली. शिकार व अंडीचोरीमुळे तेथून नामशेष झालेले मत्स्याहारी ऑस्प्रे पक्षी १९५४ च्या सुमारास परतले. १९५८ मध्ये लॉख गार्टन सरोवराजवळ जोडपे अंडी उबवीत असता, पहारा असूनही चोराने ती लांबविली आणि बुटाच्या पॉलिशने रंगविलेली कोंबडीची अंडी घरट्यात ठेवली. वॉटरस्टन यांनी मग गुप्तताच सोडली. १९५९ मध्ये ते घरटे दुरून पाहण्याची सोय सर्वांसाठी खुली झाली. हजारो लोक आले. तीन पिल्ले सुखरूप उडाली. लोकांची नजर हाच भक्कम पहारा ठरला. १९८० मध्ये वॉटरस्टन निवर्तले.