पारा, थंडी आणि प्रकाशकण

हायके कामरलिंग ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे झाला. वडिलांची विटांची भट्टी होती. प्रकृती तोळामासा, पण चिकाटी दांडगी. १८८२ मध्ये ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि वायू थंड करून त्यांचा द्रव करण्याच्या मागे लागले. त्यांच्या प्रयोगशाळेच्या जागेवरची वस्ती १८०७ मध्ये कालव्यातले दारूगोळ्याचे जहाज फुटून उद्ध्वस्त झाली होती. साहजिकच, दाबाखालच्या वायूंची शहराने धास्ती घेतली. तक्रार झाली आणि काही वर्षे काम बंद पडले. ही भीती अगदीच अनाठायी नव्हती.

१० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चाललेल्या प्रयोगात हेलियमचा द्रव मिळाला, जेमतेम ६० घनसेंटीमीटर. तो इतका नितळ होता की खालून उजेड टाकला तेव्हाच त्याचा पृष्ठभाग दिसला. १९११ मध्ये याच थंडीत, सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअसला, पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. हीच अतिवाहकता. मोजमाप गिलेस होल्स्ट यांनी केले होते, नाव मात्र ओनेस यांचे झाले. १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता रोध नाही म्हटल्यावर वाटेल तेवढी वीज सोडून प्रचंड ताकदीचे चुंबक करता येतील, असे त्यांना वाटले. शिशाच्या तारेची गुंडाळी केली, पण प्रवाह किंवा चुंबकत्व ठरावीक मर्यादेपुढे गेले की अतिवाहकता मोडायची आणि रोध परत यायचा. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी ते वारले तोवर तसे चुंबक झाले नव्हते. आजच्या एमआरआय यंत्रात आहेत, ते वेगळ्या मिश्रधातूचे.

गंमत म्हणजे, त्यांना नडलेली ही मर्यादाच पुढे कामाला आली. नायोबियम नायट्राइडची, केसापेक्षा शेकडो पटींनी अरुंद पट्टी अतिथंड ठेवतात आणि तिच्यातला प्रवाह मर्यादेच्या जरासा खाली राखतात. एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, तिच्यावर पडला तरी तेवढी जागा किंचित तापते, अतिवाहकता मोडते आणि विजेचा ठोका उमटतो. एक ठोका, एक फोटॉन. काही नॅनोसेकंदांत पट्टी थंड होऊन पुढच्या कणासाठी तयार! मॉस्कोतील संशोधकांनी २००१ मध्ये हे करून दाखवले. कर्करोगावरील प्रकाश-उपचारात पेशी मारणारा ऑक्सिजन अतिशय मंद अवरक्त प्रकाश सोडतो. प्रयोगशाळांतून तो आता याच पट्ट्यांनी मोजला जात आहे.