चोरबाजारातला जुना प्रोजेक्टर आणला आणि कोल्हापूरच्या मेस्त्रींनी सिनेमाचा कॅमेरा घरीच बनवला

जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या कुठल्याही मेस्त्रीला विचारा, मग तो बीडच्या गॅरेजमधला असो नाहीतर कोल्हापूरच्या. जुन्या जीपचा एखादा पार्ट कुठेच मिळेना, की शेवटी नाव निघतं मुंबईच्या चोरबाजाराचं. मिळेल तेवढा माल तिथून उचलायचा, उरलेला लेथवर कातून घ्यायचा आणि बंद पडलेली गाडी परत रस्त्यावर आणायची.

शंभरेक वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या दोन भावांनी असाच उद्योग केला. फक्त त्यांना गाडी नको होती, सिनेमाचा कॅमेरा हवा होता. आणि त्यांचं आडनावही मेस्त्रीच होतं.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. घरात पिढीजात कारागिरी. वडिलांच्या हातात सुतारकामापासून चित्रकलेपर्यंत सगळं होतं. बाबूराव कुठल्याही कला शाळेत गेले नाहीत, बघून आणि करून शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्यासोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडे, जंगलं, रस्ते असे हुबेहूब उतरायचे, की लोक मेस्त्री विसरले आणि पेंटर म्हणू लागले. तेच आडनाव कायमचं चिकटलं.

१९१३ साली दादासाहेब फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला.

पण सिनेमा काढायचा तर कॅमेरा पाहिजे. फाळकेंनी आपला कॅमेरा लंडनहून आणला होता. त्याआधी सावेदादांनीही विलायतेहूनच मागवला होता. पेंटर बंधूंकडे तेवढा पैसा नव्हता. त्यात १९१४ ला महायुद्ध पेटलं आणि परदेशी माल मिळणं आणखी अवघड झालं.

मग त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर घेतला. त्यावर सिनेमे दाखवून चार पैसे कमवायचे आणि त्याच वेळी कॅमेरा जुळवायचा, असा बेत होता.

आता प्रश्न पडेल, प्रोजेक्टर बघून कॅमेरा कसा काय बनेल?

तर ही दोन्ही यंत्रं सख्खी भावंडं आहेत. दोघांतही कडेला भोकं असलेली फिल्म दातेरी चाकांवरून सरकते. ती सलग पळत नाही. एक चित्र भिंगासमोर येतं, क्षणभर थांबतं, झडप उघडते, मिटते आणि पुढचं चित्र येतं. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, तेही हाताने दांडा फिरवून. प्रोजेक्टरमध्ये आतला उजेड बाहेर पडद्यावर जातो, कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड आत फिल्मवर येतो. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचं यंत्र तर ही दोन्ही कामं करायचं.

अडचण होती ती नेमकेपणाची. कॅमेऱ्याच्या पेटीत केसाएवढ्या फटीतून उजेड शिरला, की फिल्म वाया. दाते जरा इकडेतिकडे झाले, की चित्र थरथरणार. प्रोजेक्टर बिघडला तर दुरुस्त करून खेळ पुन्हा लावता येतो. कॅमेऱ्यातली चूक मात्र फिल्मवर कायमची उमटते.

आनंदरावांचा जीव या कामात गुंतला होता. पण १९१६ साली, कॅमेरा पुरा व्हायच्या आतच, ते गेले.

ज्याच्या डोक्यात यंत्राचा नकाशा होता तोच माणूस नाही म्हटल्यावर काम गुंडाळून ठेवणं सोपं होतं. हातात पडदे रंगवायचा चांगला धंदाही होता. बाबूरावांनी तसं केलं नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला सोबत घेऊन ते पुन्हा कामाला बसले. १९१८ साली कॅमेरा चालू झाला.

दरम्यान महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली होती. शाहू महाराजांचा आधार होता आणि भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर पाठीशी उभ्या राहिल्या. ७ फेब्रुवारी १९२० ला पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की ते दृश्य कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

बाबूरावांची सवय तीच राहिली. आहे ते उघडून बघायचं आणि त्यात सुधारणा करायची. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी त्यांनी खरे उभे सेट आणले. १९२३ च्या 'सिंहगड'साठी सूर्यावर अवलंबून न राहता विजेच्या दिव्यांवर शूटिंग केलं. जाहिरातीची पोस्टर्स स्वतः रंगवली. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तर देवदेवता सोडून त्यांनी कर्जापायी जमीन गमावलेला आणि पोटासाठी शहराच्या गिरणीत गेलेला शेतकरी दाखवला. ही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला आजही वेगळी सांगावी लागत नाही.

पण शेवट गोड झाला नाही. कंपनीत मतभेद वाढले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि व्ही. शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी सीताराम कुलकर्णींसोबत प्रभात काढली. पाठोपाठ बोलपट आला आणि मूकपटांवर उभी राहिलेली महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी पुढे काही बोलपट केले, पण पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. ते चित्रांकडे आणि शिल्पांकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

मग त्या कॅमेऱ्यातून उरलं काय? तो बनवताना तयार झालेली माणसं. बाबूरावांसोबत कॅमेरा जुळवणाऱ्या दामल्यांनी पुढे प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाचं तंत्र हाताळलं आणि फत्तेलालांसोबत 'संत तुकाराम' केला. १९३७ साली तो सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शांताराम तर बाबूरावांच्याच कंपनीत सिनेमा शिकले.

विकत आणलेला कॅमेरा चालवता आला की काम भागतं. तो स्वतः जुळवणाऱ्याला प्रत्येक चाक का फिरतं ते माहीत असतं आणि ते दुसऱ्याला शिकवताही येतं. कोल्हापूरला चित्रनगरी म्हणतात ते यामुळेच. तिथे खरी कॉर्नरला आजही एका कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. कधी गेलात तर थांबून बघा, आणि त्यात आनंदरावांचाही वाटा आहे हे लक्षात ठेवा.