एका खोलीतले तीन मित्र

दरवर्षी ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण साजरा करतो. हे थोर मिशनरी एके काळी घरापासून दूर राहणारे विद्यार्थी होते, हे मात्र आपण विसरतो.

झेवियर ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधील नवारा येथे एका गढीत झाला. लहानपणीच वडील वारले. युद्धानंतर गढीची तटबंदी पाडली गेली. १५२५ साली ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले. सेंत बार्ब महाविद्यालयात त्यांच्या खोलीत पीटर फेबर राहत. फेबर लहानपणी मेंढरे राखत. अभ्यासात हुशार, पण मनाने कायम अस्वस्थ. आपले पापनिवेदन नीट झाले की नाही, ही शंका त्यांना छळे. डॉक्टर व्हावे, वकील व्हावे की शिक्षक, हेही ठरत नव्हते.

१५२९ साली इग्नेशियस लोयोला त्या खोलीत आले. ते ह्या दोघांहून पंधरा वर्षांनी मोठे. अशाच शंकांनी तेही पूर्वी पोळले होते. जीव देण्याचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला होता. फेबर त्यांना अभ्यासात मदत करीत आणि आपले मन त्यांच्यापाशी मोकळे करीत. हळूहळू फेबर सावरले. झेवियर मात्र प्रथम इग्नेशियसपासून दूरच राहिले. त्याच वर्षी त्यांची आई वारली. पैशांची चणचण होती. त्या अडचणीत इग्नेशियस मदतीला आले आणि दुरावा मैत्रीत बदलला.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी ह्या तिघांनी आणखी चार मित्रांसह देवाला वचन दिले. त्यातूनच येशूसंघ उभा राहिला. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात पोहोचले. मित्रांची पत्रे यायला वर्षे लागत. त्या पत्रांवरील सह्या कापून ते त्या सदैव जवळ बाळगत. संतालाही मित्रांचा आधार लागला!

आपल्या डिंभे परिसरातील मुलेमुली शिक्षणासाठी घोडेगाव, मंचर, पुणे येथे राहतात. खोलीतला सोबती गप्प गप्प राहू लागला, जेवेनासा झाला, तर आपण त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे. जीव नकोसा झाल्याचे तो बोलला, तर ते गुपित ठेवू नये. त्याला एकटे न सोडता मोठ्या माणसांना सांगावे, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मित्राला वाचवण्यासाठी गुपित मोडणे म्हणजे विश्वासघात नव्हे.