मनाचा शोध घेणारे आबे फारिया

पणजी शहरात मांडवी नदीच्या काठी आदिलशाहाचा जुना राजवाडा आहे. त्याच्या शेजारी एक उंच पुतळा उभा आहे. पायघोळ झगा घातलेला एक माणूस दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडली आहे. नवखा प्रवासी हा पुतळा पाहून थबकतो. हा कोणी जादूगार असावा, असे त्याला वाटते. पण हा पुतळा जादूगाराचा नाही. यात जादू नाही, हेच जगाला सांगता सांगता ज्यांनी आपली कीर्ती गमावली, त्या आबे फारिया यांचा हा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला आणि १९४५ साली तो येथे उभा राहिला.

फारिया यांचे पूर्ण नाव जुझे कुस्तोद फारिया. त्यांचा जन्म १७५६ साली मे महिन्यात गोव्यातील बारदेश तालुक्यात, कांदोळी या गावी झाला. हे त्यांच्या आईचे गाव. वडील कायतान व्हितोरिन हे जवळच्याच कोलवाळ गावचे. घरात कोकणी बोलली जाई. पण जुझेला घराचे सुख फार दिवस लाभले नाही. आईवडिलांचे पटेना. अखेर दोघे वेगळे झाले. वडिलांनी धर्मशास्त्राचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा केला आणि ते पाद्री झाले. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. जुझे वडिलांजवळ राहिला.

वडील महत्त्वाकांक्षी होते. मुलाने खूप शिकावे, मोठे व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. त्या काळी गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. मोठ्या शिक्षणासाठी पोर्तुगालला जावे लागे. १७७१ च्या फेब्रुवारीत बापलेक जहाजात बसले. जुझे तेव्हा अवघा चौदा वर्षांचा होता. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून जहाजे जात. नोव्हेंबर महिन्यात, म्हणजे तब्बल नऊ महिन्यांनी, ते लिस्बनला पोहोचले.

लिस्बनहून दोघे इटलीतील रोम शहरी गेले. तेथील प्रसिद्ध धर्मविद्यालयात जुझेने अनेक वर्षे मन लावून अभ्यास केला. १७८० साली तो पाद्री झाला. धर्मशास्त्रातील सर्वोच्च पदवीही त्याने मिळवली. गोव्यातील एका खेड्यातून आलेल्या या तरुणाची विद्वत्ता पाहून खुद्द पोपनी त्याला प्रवचनासाठी बोलावले. नंतर फारिया पोर्तुगालला परतले.

याच काळातील एक गोष्ट गोव्यात अजून सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्याची संधी फारियांना मिळाली. ते व्यासपीठावर चढले. समोर राणी, तिचे सरदार आणि दरबारातील बडी मंडळी बसली होती. तो थाट पाहून फारियांची जीभ टाळ्याला चिकटली. एक शब्द फुटेना. वडील जवळच बसले होते. त्यांनी हळूच कोकणीतून मुलाला सांगितले की, समोर बसलेली ही सारी भाजी आहे असे समज आणि सरळ कापत सूट. हे शब्द कानी पडताच फारियांची भीती पळाली. त्यांनी अस्खलित प्रवचन केले. सभा खूश झाली. पण फारियांच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. समोरची माणसे तीच होती, सभा तीच होती. मग केवळ चार शब्दांनी आपल्या मनात एवढा बदल कसा झाला?

लिस्बनमध्ये त्यांचे बरे चालले होते. पण गोव्यातील हुशार माणसांना राज्यकर्ते बरोबरीची वागणूक देत नव्हते. मोठ्या जागा पोर्तुगिजांनाच मिळत. या अन्यायाविरुद्ध १७८७ साली गोव्यातील काही पाद्री व सैनिकांनी उठावाचा बेत केला. तो फुटला आणि अनेकांना कठोर शिक्षा झाल्या. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून हा बेत पिंटोंचे बंड म्हणून ओळखला जातो. बंडातील काही मंडळी फारिया पितापुत्रांच्या परिचयाची होती. पुढच्याच वर्षी फारिया फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे गेले. तेथे पाद्री लोकांना आबे म्हणत. म्हणून ते आबे फारिया झाले.

लवकरच फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. त्या धामधुमीतही फारिया सापडले. पण त्यांचे खरे लक्ष एका वेगळ्याच विषयाकडे लागले होते. फ्रान्झ मेस्मर नावाच्या डॉक्टरने पॅरिसमध्ये मोठी खळबळ उडवून दिली होती. लोहचुंबकासारखी एक अदृश्य शक्ती आपल्या अंगात असून हात फिरवून ती आपण रोग्याच्या शरीरात सोडतो, असा त्याचा दावा होता. रोग्यांना झटके येत, काहींना गुंगी येई आणि काही बरेही होत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने या प्रकाराची चौकशी करण्यासाठी विद्वानांची समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे तिचे सभासद होते. अशी कोणतीही शक्ती नाही, जे घडते ते रोग्याच्या कल्पनेमुळे घडते, असा निर्णय समितीने दिला. तेथेच तो विषय संपला, असे पुष्कळांना वाटले.

फारियांना मात्र तसे वाटले नाही. त्यांनी उलटा विचार केला. केवळ कल्पनेने माणूस झोपत असेल, त्याच्या वेदना थांबत असतील, तर ही कल्पना किती सामर्थ्यवान असली पाहिजे! मग तिचाच अभ्यास का करू नये?

१८११ साली फारिया मार्सेल शहरात तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते. तेथील वैद्यक मंडळानेही त्यांना सभासद करून घेतले. पुढे काही काळ त्यांनी नीम या शहरी अध्यापन केले. १८१३ साली ते पॅरिसला परत आले आणि ऑगस्ट महिन्यात त्यांनी क्लिशी रस्त्यावरील एका दालनात जाहीर व्याख्याने सुरू केली. ही व्याख्याने दर गुरुवारी होत. प्रवेशासाठी पाच फ्रँक द्यावे लागत, तरी दालन गर्दीने फुलून जाई.

फारियांची पद्धत अगदी साधी होती. ते माणसाला आरामखुर्चीत बसवत. डोळे मिटून मन शांत करायला आणि फक्त झोपेचा विचार करायला सांगत. थोड्या वेळाने ते मोठ्या, ठाम आवाजात झोपण्याचा हुकूम देत. कधी कधी ते आपल्या उघड्या हाताकडे टक लावून पाहायला सांगत. पण हातातून कोणतीही शक्ती निघत नाही, तो केवळ लक्ष एका जागी ठेवण्यासाठी आहे, हे ते स्पष्ट करत. काही माणसे लगेच झोपी जात. त्या अवस्थेत फारियांनी सांगितल्याप्रमाणे साध्या पाण्यालाही त्यांना निराळीच चव लागे. काहींना मात्र झोप येतच नसे.

एवढे पाहिल्यावर लोक फारियांना मोठे सिद्धपुरुष मानायला तयार होते. त्यांनी नुसता होकार दिला असता, तरी पैसा आणि मान यांचा पाऊस पडला असता. पण फारियांनी ते केले नाही. ही शक्ती माझ्यात नाही, झोपणाऱ्याच्या मनातच आहे, मी फक्त सूचना देतो, असे ते भर सभेत सांगत. या अवस्थेलाच आज आपण संमोहन म्हणतो. फारियांचे सगळेच अंदाज बरोबर होते असे नाही. ज्याचे रक्त पातळ त्याला ही झोप लवकर लागते, असे त्यांचे मत होते. ते पुढे टिकले नाही. पण सूचनेचे महत्त्व त्यांनी अचूक ओळखले होते.

या खरेपणाची मोठी किंमत त्यांना मोजावी लागली. मेस्मरचे अनुयायी चिडले, कारण फारिया त्यांची अदृश्य शक्तीच नाकारत होते. धर्मपंडितांना या प्रयोगांत सैतानाचा हात दिसला. डॉक्टर त्यांना भोंदू म्हणू लागले. त्यातच एक नट त्यांच्या सभेत आला. त्याने झोपेचे सोंग केले आणि ऐन वेळी डोळे उघडून फारियांची फजिती केली, असे सांगतात. १८१६ साली तर त्यांची टर उडवणारे एक नाटकच रंगभूमीवर आले. सारे पॅरिस हसू लागले. व्याख्यानांना येणारी माणसे येईनाशी झाली. जे दालन गर्दीने फुलत होते, ते ओस पडले.

फारियांवर गरिबीची पाळी आली. मुलींच्या एका निवासी शाळेत त्यांनी पाद्र्याची लहानशी नोकरी धरली. पण ते खचले नाहीत. टिंगल करणाऱ्यांशी भांडत न बसता त्यांनी आपले सर्व अनुभव आणि विचार फ्रेंच भाषेत लिहून काढायला सुरुवात केली. त्या ग्रंथाचा पहिला भाग १८१९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही राहिला नाही. पुढे अलेक्झांडर द्यूमा या कादंबरीकाराने तुरुंगात खितपत पडलेल्या एका पाद्र्याला फारिया हे नाव दिले. त्यामुळे जगाला खऱ्या फारियांपेक्षा कादंबरीतलाच फारिया अधिक माहीत झाला.

पण सत्य फार काळ झाकून राहत नाही. सुमारे साठ वर्षांनी फ्रान्समधील नान्सी शहरात लिएबो व बेर्नहाइम हे डॉक्टर सूचनेच्या साहाय्याने रोग्यांवर उपचार करू लागले. सूचनेचा सिद्धांत प्रथम मांडण्याचा मान फारियांचा आहे, हे बेर्नहाइम यांनी मोकळेपणाने मान्य केले. १८८९ साली सिग्मंड फ्रॉइड हे उपचार पाहण्यासाठी नान्सीला गेले होते. १९०६ साली गोव्याचे डॉक्टर दालगाद यांनी फारियांचे चरित्र लिहिले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगास मोनिझ यांनीही १९२५ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. गोव्यातील मनोरुग्णालयालाही पूर्वी फारियांचेच नाव होते.

आजही मन आजारी पडले की काही लोक भूतबाधेची शंका घेतात आणि मांत्रिकाकडे धावतात. अशा वेळी मांडवीकाठचा तो पुतळा आठवावा. त्याच्या पुढे केलेल्या हातांत कोणतीही जादू नाही. दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगण्याची हिंमत त्या हातांच्या धन्याने दाखवली होती.

स्वाध्याय

१. प्रवचनाच्या वेळी फारियांची भीती कशी दूर झाली?
२. राजाने नेमलेल्या समितीचा निर्णय ऐकून फारियांनी कोणता विचार केला?
३. फारिया माणसाला झोपवण्यासाठी काय करत?
४. फारियांना लोकांचा विरोध का झाला?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मनात घर करणे, टर उडवणे, किंमत मोजणे, ओस पडणे.