डॉ. सुभाष मुखोपाध्याय : बंद बीजवाहिन्यांवर मार्ग शोधणारे डॉक्टर

पाळी वेळच्या वेळी येते, काही दुखत-खुपत नाही, तरीही दिवस राहत नाहीत. अशा काही स्त्रियांच्या तपासणीत दोन्ही बीजवाहिन्या बंद असल्याचे आढळते. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची भेट या नळीतच होते. दोन्ही नळ्या बंद असतील तर कितीही वाट पाहिली तरी ती होत नाही. अशा जोडप्यासाठी भारतात प्रथम शरीराबाहेर गर्भधारणेचा मार्ग वापरला तो कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी.

शिक्षण आणि संशोधन

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबाग येथे झाला. कोलकात्यात डॉक्टर झाल्यावर ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. १९५८ मध्ये कोलकाता विद्यापीठाची आणि १९६७ मध्ये एडिंबरा विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी मिळवली. त्यानंतर भारतात परतून ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले.

बीजवाहिन्या बंद असलेल्या एका स्त्रीवर त्यांनी सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांच्यासह उपचार केले. संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाऐवजी अनेक स्त्रीबीजे वाढवली. ती योनीमार्गातून काढून शरीराबाहेर शुक्राणूंशी त्यांचा संयोग घडवला. तयार झालेले भ्रूण गोठवून ठेवले आणि पुढे योग्य वेळी गर्भाशयात सोडले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गाचा जन्म झाला. जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये जन्मून तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते.

अविश्वास आणि शेवट

वंध्यत्वाबद्दल बोलणे तेव्हा लाजिरवाणे मानले जाई. मुलीच्या कुटुंबाला लोकनिंदेची भीती होती, त्यामुळे ते पुढे आले नाहीत. राज्य सरकारने नेमलेल्या समितीने डॉक्टरांचा दावा मानला नाही. जपानमधील परिषदेला जाण्याची परवानगीही त्यांना मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्ररोग संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तीच देशातील पहिली मानली गेली. पुढे १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांची टिपणे डॉ. आनंद कुमार यांच्या वाचनात आली. हा मान आपला नसून त्यांचा आहे, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केले. दुर्गानेही मोठी झाल्यावर आपली ओळख जगाला सांगितली. इंजेक्शनांनी बीजे वाढवणे, ती योनीमार्गातून काढणे आणि भ्रूण गोठवणे या गोष्टी आज वंध्यत्वाच्या उपचारांत नेहमीच्या झाल्या आहेत.

तुम्ही मदत कधी घ्यावी?

लोक काय म्हणतील, या भीतीने आजही अनेक जोडप्यांची मोलाची वर्षे वाया जातात. स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता वयानुसार, विशेषतः पस्तिशीनंतर, कमी होत जाते. म्हणून पुढील वेळा लक्षात ठेवा :

• स्त्रीचे वय ३५ पेक्षा कमी असेल आणि गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध ठेवून एक वर्षात दिवस राहिले नाहीत तर.
• वय ३५ किंवा जास्त असेल तर सहा महिन्यांनी. चाळिशी उलटली असेल तर लगेच.
• पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी क्षयरोग किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला असेल, अथवा पतीला अंडकोशाचा त्रास किंवा शस्त्रक्रिया झालेली असेल तर न थांबता.

पहिल्या भेटीला दोघांनीही जावे. वीर्यतपासणी सोपी असते आणि ती सुरुवातीलाच करावी. कारण पुरुषात, स्त्रीत किंवा दोघांतही असू शकते. प्रत्येकाला टेस्ट ट्यूब बेबीची गरज नसते. अनेकांना साध्या उपचारांनीही यश येते. या काळात मन खचत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.